पहिल्या रांगेत आई

जुने अणुबॉम्ब मोडीत काढून नवे करावेत का, यावर मंत्री जाहीर चर्चेला बसले होते. मंचाच्या कडेला ती सगळं खुणांच्या भाषेत सांगत होती. पहिल्या रांगेतून तिची कर्णबधिर आई कौतुकाने बघत होती. “नव्या बॉम्बची गॅरंटी काय?” कुणीतरी विचारलं. मंत्री हसले. “नाही फुटला तर पैसे परत! फुटला तर तक्रार करायला उरतंय कोण?” खुणांमध्ये चेहऱ्यालाही बोलावं लागतं. तिने डोळा मिचकावला, मुठी उघडून शहर उडवलं, हात झटकले. कर्णबधिरांच्या रांगाही पोट धरून हसल्या. शाबासकीसाठी तिने आईकडे पाहिलं. डोळे मिटले की आईचं ऐकणं बंद. भांडणातही तिने ते कधी मिटले नव्हते. आता घट्ट मिटले होते. “आई, ते माझं बोलणं नव्हतं गं,” तिची बोटं गयावया करू लागली. बघायला कोण होतं?