नाल्यातली रांगोळी

साहेबांनी कँटीनच्या टेबलावर पेपर आपटला. “नाल्यातल्या पाण्याला रांगोळी कोण म्हणतं रे?”

सगळ्यांनी आपापल्या डब्यात मान घातली. विठ्ठलने, प्रीतमने, रतननेही. म्हणायचा एकटा दामाजी, आणि हे अख्ख्या प्लांटला ठाऊक होतं. कंपनी रंगाचं पाणी साफ न करताच नाल्यात सोडायची. नाला कधी गुलाबी, कधी हिरवागार. रोज गेटमधून शिरताना दामाजी म्हणायचा, “आज कंची रांगोळी काढली रे बाबांनो?” आणि हे तिघं खो खो हसायचे.

आता पेपरात सगळं आलं होतं. चोरून टाकलेला पाईपसुद्धा. वर ठसठशीत मथळा : ‘डोंबिवलीच्या नाल्यात रोज नवी रांगोळी!’

कोणी तोंड उघडलं नाही. साहेब एकेकाकडे बघत निघून गेले, दामाजीकडे जरा जास्तच वेळ बघत.

दामाजीचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली. काय सोन्यासारखी माणसं ही! त्याने जवळ्याच्या चटणीचा डबा मध्ये सरकवला. एरवी तिच्यावर झडप पडायची. आज विठ्ठल उठला. “माझं झालं.” मागोमाग प्रीतम. रतन जाता जाता हळूच म्हणाला, “दामाजी, उद्या कंपनीला टाळं लागलं तर आम्ही कुठं जायचं रे?” चटणी होती तशीच राहिली.

तेवढ्यात संचिताचा फोन आला. ठाण्याच्या पेपरातली ही पोरगी. माजिवड्याच्या टपरीवर चहा पीत दामाजीने तिलाच सगळं सांगितलेलं. तो फोन घेऊन कोपऱ्यात गेला.

“काका, टेन्शन घेऊ नका हां. तुमचं नाव कुठेच नाही, फोटो नाही, काही नाही. आणि तुमचा तो रांगोळी शब्द! ऑफिसात सगळे फिदा आहेत त्याच्यावर.”

“नाव लपवलंस बाय,” दामाजी म्हणाला, “पन तोंड माझंच ठेवलंस.”

त्याने फोन ठेवला.

सुट्टी झाली तेव्हा तिघं कधीच पुढे निघून गेलेले. दामाजी एकटाच गेटबाहेर आला आणि नाल्यापाशी थबकला. पाणी साधं होतं. गढूळ, मातकट, कुठल्याही नाल्याला असतं तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याला इतका आनंद झाला की विचारू नका.

“अरे, आज रांगोळीच नाय!” तो सवयीने बाजूला वळून म्हणाला.

बाजूला कोणी नव्हतं.