वय उतरवणारे थेंब

भास घडवणाऱ्या अळंबीच्या अर्काने शरीराचं वय उतरतं, असं मोबाइलवर वाचून शिरपूरचे सुपडूनाना रोज त्याचे थेंब घेऊ लागले. बायकोने, ताईबाईंनी, नाक मुरडलं.

"म्हतारपनमा तरनं व्हवानं याड! उद्या माले वळखशात तरी का?"

पंधरवड्याने पत्र्याच्या छपरावर रोज सकाळी टक् असा आवाज येऊ लागला. माकडं असतील, असं ताईबाईंना वाटलं.

आज मात्र त्या भाकरी तव्यावर टाकून अंगणात आल्या. लहान मूल पडलेला दात छपरावर फेकतं, तसं नाना काहीतरी फेकत होते.

"वा रे तरना गडी! कवळी बी फेकी दिधी का?"

कवळी तर ओसरीवर पाण्याच्या वाटीत होती. दात जाऊन दहा वर्षं झाली होती.

नाना वळले. ओठांना रक्त होतं.

"माय," ते ताईबाईंना म्हणाले, "आखो एक दात हालस."