चेनची क्लिप

लेकीच्या सायकलला इंजिन बसवायचं ठरलं आणि मेकॅनिक बापाची झोप उडाली. मागचं दातेरी चक्र छोटं लावलं, तर सायकल सुसाट पळणार. मोठं लावलं, तर चढ चढेल, पण रमतगमत. “बाबा, छोटंच लावा हं. गोगलगायीला इंजिन कशाला?” त्यानं हो हो म्हणत गुपचूप मोठं लावलं. लेकीला कळलं तर घर डोक्यावर घेईल, या धाकधुकीत घाईघाईनं चेन जोडली. लेक सायकलवरून निघाली. चढावरचा इंजिनाचा संथ आवाज ऐकत त्यानं घाम पुसायला खिशातला रुमाल काढला, तर टण्णकन काहीतरी पडलं. चेनचा जोड पक्का धरणारी क्लिप! तेवढ्यात आवाजही थांबला. तो अनवाणीच धावत सुटला. वळणावर लेक सायकल ढकलत येताना दिसली, हँडलवर निखळलेली चेन. “झालं समाधान? याहून हळू नाही चालवता येत, बाबा!”