फ्यूजबॉक्सची वायर

रविवारी बाबा डॅशबोर्डखाली डोकं घालून बसले होते आणि मी टॉर्च धरला होता.

“उजेड फ्यूजबॉक्सवर पाड, माझ्या टकलावर नको.”

“मेकॅनिकला बोलवा ना, बाबा. गाडी माझ्यापेक्षा म्हातारी आहे.”

“म्हणूनच तिला परका हात नको.” त्यांनी मला तुटलेली वायर दाखवली, तिच्यामुळेच हेडलाइट लागत नव्हते. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली आणि काम उद्यावर गेलं. पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर आईने गाडी त्यांच्या मित्राला, कर्णिककाकांना देऊन टाकली. ते न्यायला आले, तेव्हा मी फ्यूजबॉक्स उघडून बसले होते.

“राहू दे गं, दिव्यांचं मी बघतो.”

“चहा घ्या, काका. तोवर होईल.”

आधी बॅटरीची वायर काढली. फ्यूजबॉक्समधली वायर बसते ती पितळी पट्टी पॉलिश पेपरने घासली, तुटलेलं टोक तिच्यात बसवून आवळलं आणि पक्कड घ्यायला कोणी असल्यासारखी बाजूला धरून राहिले. मग बॅटरी जोडून बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर उजेड पडला. मला काहीच वाटलं नाही.

मी शेजारच्या, माझ्या नेहमीच्या सीटवर सरकले आणि काच वर केली.

“बाबा,” मी मोठ्याने म्हणाले, “कॉलेजच्या अलीकडे चौकातच उतरायचे ना मी? तेवढंच चालणं होतं म्हणायचे. खोटं होतं ते. मला या गाडीची लाज वाटायची.”