असंच चालू ठेव

"आवाज आला की बटण दाबायचं. आला की नाही अशी शंका आली, तरी दाबायचं," कान तपासणाऱ्या तरुणीनं सांगितलं आणि डीकनच्या कानांवर हेडफोन चढवले.

खोली कपाटापेक्षा जरा मोठी. भिंतींना जाड फोम, एका बाजूला काच. काचेपलीकडे ती यंत्रासमोर जाऊन बसली. डीकन बटण मुठीत धरून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

आठवडाभर कारखान्यात लेथ चालवायची आणि रविवारी वेदीपाशी फादरांचा दीक्षा घेतलेला मदतनीस म्हणून उभं राहायचं, असं त्यांचं अकरा वर्षं चाललं होतं. बायकोमुलं असलेला माणूस चर्चचा डीकन कसा, असं लोक त्यांना अजून विचारत. आज मात्र प्रश्न त्यांच्याकडेच होता. चर्चला येणं बंद केलेल्या तरुण मुलामुलींची त्यांनी यादी केली होती. चौदा नावं. काचेपलीकडच्या या पोरीचं सगळ्यात वर. गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहणारी पोर. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, आणि महिन्याभरात हीही दिसेनाशी झाली. ना भांडण, ना तंटा. मग का?

"तुमच्या टीव्हीचा आवाज शेजारी ऐकतात," बायको म्हणाली होती. "ती कान तपासते ना, तिच्याकडेच दाखवून या. एका दगडात दोन पक्षी. आणि तिथं प्रवचन देऊ नका."

वीस मिनिटांनी ती कागद घेऊन आत आली आणि तिनं त्यांचे हेडफोन काढले. त्यावरची रेघ डावीकडून नीट चालत येऊन उजवीकडे धपकन खाली पडली होती.

"काका, जाड आवाज तुम्हाला ठीक ऐकू येतात. बारीक आवाज जवळजवळ नाहीच. बायकांचं, लहान मुलांचं हळू बोलणं, त्यात गोंगाट असेल तर काहीच नाही. मशीनवर किती वर्षं काढलीत?"

"तीस." ते हसले. "म्हणजे बायको म्हणते ते खरं. मी तिचं ऐकतच नाही."

ती हसली नाही. कागदाकडेच बघत राहिली.

"मग गर्दीत कुणी हळू बोललं तर काय करता?"

"काय करणार? मान हलवायची. 'वा, छान' म्हणायचं. बहुतेक वेळा खपून जातं."

तिनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दोन वर्षं मनात घोळवलेल्या गोष्टीला भलताच अर्थ निघावा, तसा तिचा चेहरा झाला.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?"

"काय?"

"आई गेल्यावर. रविवारी. चर्चमध्ये मिस्सा संपली होती, घंटा वाजत होती, तुम्ही दारात सगळ्यांशी हात मिळवत होतात. मी तुम्हाला म्हटलं, काका, मला प्रार्थना करताच येत नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, 'वा, छान! असंच चालू ठेव.'"

मुठीत धरलेलं बटण डीकननी बाजूला ठेवलं.

"मग मी चालू ठेवलं," ती म्हणाली.

आपण तिच्याकडे कारण शोधायला आलो होतो. मोबाइल, नोकरी, मित्रमंडळी, फादरांची लांबलचक प्रवचनं, असली दहा कारणं त्यांनी मनाशी मांडून ठेवली होती. हे कारण त्यात नव्हतं. आणि उरलेली तेरा पोरं? त्यातल्या कितीजणांच्या डोक्यावर आपण असाच हात ठेवला असेल?

"चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं गं."

"तुम्हाला ऐकू नाही आलं, त्यात तुमची काय चूक?"

"ऐकू आलं नाही ती चूक नाही. आल्यासारखं केलं, ती."

खणातून एक छोटं यंत्र काढून तिनं त्यांच्या कानामागे बसवलं, कानात नळी सारली, कुठलंसं बटण दाबलं. डीकन दचकले. कागदाची सळसळ, तिच्या बांगडीचा काचेवर झालेला किणकिणाट, स्वतःच्याच शर्टाच्या बाहीचा आवाज. एवढं सगळं चालू असतं?

"आता येतंय ऐकू?" तिनं विचारलं. मुद्दाम हळू.

"येतंय. आता ते सांग. दारात सांगितलं होतंस ते."

"जाऊ द्या काका. दोन वर्षं झाली."

"मी आज पहिल्यांदा ऐकणार आहे."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती समोर बसली.

"मला प्रार्थना करता येत नाही," ती म्हणाली. "डोळे मिटले की हॉस्पिटलचा पलंग दिसतो."

डीकनचं तोंड उघडलं. अकरा वर्षांची सवय. अशा वेळी सांगायची वचनं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यातलं एक जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

तिनं उठून खोलीचं जाड दार आतून ओढून घेतलं आणि पुन्हा स्टुलावर बसली.

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं, काचेतून आत पाहिलं, आणि टेबलामागच्या मुलीला विचारलं, "तपासणी पेशंटची असते ना? मग तो नुसता बसलाय आणि मॅडमच कशा बोलतायत?"

मुलीनं मान वळवून काचेतून पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"मॅडमना एवढं बोलताना," ती म्हणाली, "मी पण आजच बघतेय."