गोडं पाणी

आचलची उद्या अमरावतीला वादविवाद स्पर्धा होती. चंद्रावरचा बर्फ कोणी किती काढायचा, याचे नियम सगळ्या देशांनी आधी मिळून ठरवावेत, ही तिची बाजू. तिचं गाव बाळापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. त्या पाण्याला जनावरंही तोंड लावत नाहीत. आज मात्र त्यांच्या शेतातल्या नव्या बोअरला गोडं पाणी लागलं. खुशालरावांनी तांब्या भरून लेकीच्या हाती देत बजावलं, “कोनाले सांगू नको. शेजारच्या जमुनानं बोअर मारला त आपला आटते. आधी मोठी मोटर टाकतो, मंग पाहू.” “बाबा, उद्या तिथं काय बोलू?” आचलनं विचारलं. तेवढ्यात दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून जमुनाकाकू आलीच. “पानी कसं लागलं वं?” बाबांनी डोळे वटारले. “खारंच, काकू,” आचल म्हणाली आणि कोरड्या घशानं नकळत तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याली. काकू तिच्या ओल्या ओठांकडं पाहतच राहिली.