मोहनबाईंचा अभिग्रह

“सेठ, गाय घरमा आनू का?” दुकानातल्या छगननं अंगणातून विचारलं.

“आण,” रिखबचंद म्हणाले. “वासरू मागे राहायला नको.”

कोरीटहून आणलेली पांढरी गाय वासरासकट शहाद्याच्या त्या चकचकीत दिवाणखान्यात उभी राहिली. सून फाल्गुनीनं डोक्यावर पदर घेऊन सासूपुढे मुगाच्या पाण्याची वाटी धरली. मोहनबाईंनी गायीकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

उपवासाचा सत्ताविसावा दिवस होता.

या जैन घरात कांदा-बटाटा येत नसे, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही कुणी घेत नसे. उपवास तर पाचवीलाच पुजलेले. पण या चातुर्मासात मोहनबाईंनी अभिग्रह धरला होता. मनात एक अट धरायची, ती आपसूक पुरी होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, आणि अट कुणाला सांगायची नाही. त्यांनी ती चिठ्ठीवर लिहून देवघरातल्या पोथीच्या बासनात बांधली होती. बासन सोडणाऱ्याला पाप, तपाचीही माती.

म्हणून सगळं घर अंदाजानं चाचपडत होतं. सात सवाष्णी झाल्या. डोक्यावर घागर घेतलेली कुमारिका झाली. उसाचा रस झाला. आभाळच फाटलं, तिथे ठिगळ कुठे लावणार?

“अजून दोन दिवस,” डॉक्टर उमाकांत फाल्गुनीला बाजूला घेऊन म्हणाले होते. “त्यापुढचं माझ्या हातात नाही.”

फाल्गुनीला आई नव्हती. लग्नानंतर नऊ वर्षांत ती पोकळी या बाईनं कधी जाणवू दिली नव्हती. तिनं सासूचे पाय धरले.

“माँजी, काही तरी खूण करा हो.”

“पाणी आपण गाळून का पितो, बेटा?” मोहनबाईंचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “त्यातला जीव दुखू नये म्हणून. तेवढं लक्षात ठेव.” मग धाप लागली आणि त्यांनी डोळे मिटले.

दुखावलेला जीव कोणता, ते फाल्गुनीला उमगलं. ती उठली आणि चार वर्षं या घरात कुणी न उच्चारलेलं नाव तिनं उच्चारलं.

“बापूजी, श्रेणिकभाऊंना आणलं तर?”

धाकट्या मुलानं, श्रेणिकनं, सीमाशी लग्न केलं होतं. सीमा नर्स, धडगावकडच्या आदिवासी आमशा पावराची मुलगी. ‘जिच्या माहेरी कोंबडं कापतात, तिची सावली माझ्या स्वयंपाकघरावर नको,’ असं म्हणून रिखबचंदांनी दार लावून घेतलं होतं. आता ते भडकणार, म्हणून फाल्गुनीनं श्वास रोखला.

“गाडी काढायला सांग,” ते म्हणाले. “दोघांनाही आणू.”

फाल्गुनीला भरून आलं. बायकोसाठी म्हातारा पाघळला एकदाचा.

पुरुषोत्तमनगरला श्रेणिकच्या घरी सीमानं दारातच पाण्याचा तांब्या आणला. “पानी ल्या, बापूजी. चार वरीस व्हयनात, आमना घरमा अंडंबी येत नई.”

“आधी निघू, बेटा. उशीर होतोय,” रिखबचंद म्हणाले. ते बेटा म्हणाले, हेच फाल्गुनीला डोंगराएवढं वाटलं.

घरी आल्याबरोबर श्रेणिकनं आईपुढे वाटी धरली. आईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. मान मात्र हलली. नाही.

मग सीमानं धरली. मोहनबाईंनी तिला जवळ ओढलं, तिची बोटं ओठांना लावली. फाल्गुनीचे हात आपोआप जोडले गेले. मोहनबाईंची नजर तिथून नवऱ्याकडे गेली, बराच वेळ तिथेच राहिली, आणि पुन्हा मान हलली. नाही.

सीमा रडत आत गेली. थोड्या वेळानं डोळे पुसून आली ती पेला घेऊन. रिखबचंदांचे ओठ सकाळपासून सुकले होते.

“थोडं पानी तरी ल्या, बापूजी.”

“दिवस मावळला, बेटा. आता माझा चौविहार,” ते म्हणाले आणि उठून ओट्यावर जाऊन बसले.

समोरच्या गच्चीच्या कठड्यावर ऊन अजून होतं. काळजीनं माणसाला वेळेचंही भान राहिलं नाही, असं वाटून फाल्गुनीला त्यांची कीव आली. आतून सासूचा श्वास घरघरत होता. आता तिला राहवेना. पाप लागायचं ते लागो. ती देवघरात गेली, पोथी उतरवली आणि बासन सोडलं.

पान न् पान झटकलं. चिठ्ठी नव्हती.

ती तशीच ओट्यावर धावली. “बापूजी, चिठ्ठी कुणीतरी काढलीय!”

रिखबचंदांनी वर पाहिलं नाही. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी घामानं मऊ पडलेली एक घडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

“तिसऱ्या दिवशीच वाचली,” ते म्हणाले.

सासूचं वळणदार अक्षर होतं: ‘ज्या दिवशी हे सीमाच्या हातचं पाणी पितील, त्या दिवशी माझं पारणं.’